चित्रकलेच्या बाई आज का आल्या नाहीत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कर्णबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे कार्यवाह, वाट वाकडी करून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे शिक्षणाधिकारी साहेब, माझे सहकारी शिक्षक, कार्यालयातली आणि स्वयंपाकघरातली मंडळी, पालकवर्ग, आज रजा टाकून आलेले माझे जुने विद्यार्थी, आणि पुढच्या रांगांत बसून आत्तापासूनच एकमेकांशी बोटांनी कुजबुजणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

कुजबुज बंद करा असं मी म्हणणार नाही. आजपासून मला तो अधिकार राहिलेला नाही.

मघापासून माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. कार्यवाहांनी त्यांच्या भाषणात जो माणूस उभा केला, तो कुठे भेटला तर त्याची ओळख करून घ्यायला मलाही आवडेल. थट्टा सोडा. या संस्थेनं मला खूप दिलं. निवृत्तीच्या दिवशी माणसानं ते मोजायला बसू नये, नुसतं मान खाली घालून घ्यावं, म्हणून मी ते घेतो.

माझ्या शेजारी आपल्या दुभाषी बाई उभ्या आहेत. माझं बोलणं त्या हातांनी मुलांपर्यंत पोचवताहेत. बाई, मी भरभर बोलायला लागलो तर माझी बाही ओढा. कुणाच्या मनात येईल, हा माणूस जन्मभर हातांनी बोलला, मग आज तोंडानं का बोलतोय? त्याला कारण आहे. तोंडानं बोलताना चेहरा कोरा ठेवता येतो. खुणांच्या भाषेत निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं, तिथे ती सोय नाही. आज मला माझा चेहरा जरा ताब्यात ठेवायचा आहे.

तुम्ही पाहताच आहात, माझ्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी आहे. मुख्याध्यापिका बाईंनी ती प्रेमानं मांडून ठेवली, त्यावर पुष्पगुच्छही ठेवला. सुरुवातीला सांगण्यात आलं की चित्रकलेच्या बाई, म्हणजे माझी पत्नी, प्रकृतीच्या कारणानं येऊ शकल्या नाहीत. ते खोटं नाही. पण प्रकृती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ताप येतो, गुडघे येतात, रक्तदाब येतो. तसलं तिला काही नाही. दुपारी निघताना माझी कॉलर नीट बसली आहे का, हे तिनंच बोटांनी चाचपून पाहिलं आणि एक बाजू दुमडलेली होती ती सरळ केली. मग ती का आली नाही? ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. अध्यक्षांची परवानगी मी गृहीत धरतो. चहाला थोडा उशीर होईल, त्याबद्दल स्वयंपाकघराची आधीच माफी मागतो.

नव्या मंडळींना माहीत नसेल, म्हणून सांगतो. ही पोटात असताना हिच्या आईला दोन-चार दिवस ताप आला, अंगावर पुरळ उठलं, आणि ते गेलंही. सगळे विसरले. त्या तापानं बाळाचे कान नेले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू ठेवला होता, हे नंतर कळलं. त्या काळी इतक्या लहान मुलांच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत नसत. मोतीबिंदू काढायचे, भिंगाची जागा रिकामी ठेवायचे आणि वर जाड चष्मा द्यायचे. हिचा उजवा डोळा पाहायला कधी शिकलाच नाही. उजेड, अंधार आणि अगदी जवळ हललेला हात, एवढंच त्याला कळायचं. सगळा संसार डाव्या डोळ्यावर.

तो चष्मा तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल. पेपरवेट कापून बसवल्यासारख्या काचा. मुलांनी तिचं खुणेतलं नावही त्यावरूनच ठेवलं, दोन डोळ्यांवर दोन मुठी. पाहुण्यांसाठी सांगतो, या शाळेत प्रत्येकाला असं एक नाव मिळतं आणि ते मुलंच देतात. माझं काय आहे ते मी पाहुण्यांसमोर सांगणार नाही. हसा, हसा.

मी इथे आलो तो एका शिक्षकाच्या रजेच्या जागेवर, तात्पुरता. मला खुणा येत नव्हत्या. मला शिकवायचं काम चित्रकलेच्या बाईंकडे आलं. पहिल्याच आठवड्यात मी 'पाणी हवं' असं म्हणायला गेलो आणि 'लग्न करायचंय' असं म्हणालो, असं ती सगळ्यांना सांगत आली. त्या दोन खुणांमध्ये काडीचं साम्य नाही. पण तिनं ते इतक्या वेळा सांगितलं की आता आमच्या लग्नाचं तेच कारण ठरलंय. खुणांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. त्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून एकमेकांना अरे-तुरे करत होतो, आणि समोर बसलेल्या सासूबाईंना त्याचा पत्ता नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. जाड चष्म्यातून समोरचं मोठं दिसतं, पण कडेला गोल एक पट्टा असतो, त्यात काहीच दिसत नाही. वर्गात कडेच्या मुलानं हात वर केला की तो हिच्यापुढे एकदम कुठून तरी उगवायचा, आणि थोडी मान हलली की नाहीसा व्हायचा. मुलांना शिकवताना तिनं ते निभावलं. खरी पंचाईत व्हायची ती चारचौघांत. इथल्या शिक्षकांच्या खोलीतलं ते लांब टेबल आठवा. चारपाच जणी बसलेल्या, हात चाललेले, आणि ही मान इकडून तिकडे फिरवत बसलेली. नेमकं हसण्यासारखं वाक्य त्या पट्ट्यात पडायचं. सगळ्या हसल्या की ही विचारायची, "काय झालं?" आणि कुणीतरी सांगायचं, "नंतर सांगते." नंतर सांगितलेल्या विनोदावर कुणी हसलंय का कधी?

बुबुळावर चिकटवायच्या काचाही, त्या कॉन्टॅक्ट लेन्स, करून पाहिल्या. डोळा लाल व्हायचा, सोडून दिलं. मग पन्नाशीच्या आसपास एका डॉक्टर बाईंनी सांगितलं की मोठेपणी पुन्हा शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या आत भिंग बसवता येतं. त्या बाईंबद्दल मी आजही आदरानंच बोलतो. त्यांनी काही लपवलं नाही.

त्या म्हणाल्या, "भिंग धरून ठेवायला डोळ्यात एक पातळ पिशवी असते. तुमची ती लहानपणीच काढली गेली. म्हणून मला भिंग डोळ्याच्या भिंतीला टाक्यांनी टांगावं लागेल. आणि तुमचा कामाचा डोळा हा एकच आहे. हे दोन्ही लक्षात ठेवून ठरवा."

हिनं माझ्यामार्फत विचारलं, "काय काय बिघडू शकतं?"

"आत रक्त उतरू शकतं. दाब वाढू शकतो. टाका सैल होऊन भिंग कलू शकतं. मागचा पडदा सुटू शकतो. सगळं होईलच असं नाही, पण होऊ शकतं."

मी एकेक गोष्ट हातांनी सांगत गेलो. तिनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "नाही केलं तर?"

"नाही केलं तर बहुधा आहे तसंच चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

"आहे तसं म्हणजे मान फिरवत," ही म्हणाली.

घरी आल्यावर मी बरीच वकिली केली. मुलगी परगावी असते, तिनंही फोनवरून, पडद्यावर हात नाचवत समजावलं. आमच्या मुलीला ऐकू येतं, पण भांडताना ती आईच्याच भाषेत भांडते. हिनं दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डोळा कुणाचा?" मग थोड्या वेळानं स्वतःहूनच म्हणाली, "मला समोरचं पुष्कळ दिसलं. कडेचं बघायचंय."

शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे काय झालं, याचा जरा विचार करा. तुमच्या-माझ्या डोळ्यावर पट्टी आली तर बाजूच्या खाटेवरची खोकताना ऐकू येते, ट्रॉली वाजते, कुणी 'कसं वाटतंय' विचारतं. हिला काहीच नाही. खोलीत मी होतो, पण माझा हात तिच्या हातावर असेपर्यंतच होतो. मी चहा प्यायला गेलो की तिच्या दृष्टीनं जगात कुणीच नसायचं. आम्ही आधी काही ठरवून ठेवलं होतं. मनगट दाबलं की मी आहे. तळव्यावर बोट फिरवलं की लगेच येतो. एकदा परिचारिकेनं न सांगता तिचा दंड धरला, इंजेक्शन द्यायला. ही अशी दचकली की सलाईनची नळी निघाली. मी त्या सिस्टरना म्हटलं, "सिस्टर, आधी हाताच्या पाठीवर दोन बोटं ठेवत जा. म्हणजे तिला कळेल, माणूस आलंय." त्या भल्या होत्या. नंतर वॉर्डातले सगळेच तसं करू लागले.

पट्टी निघाली तेव्हा आत रक्त उतरलेलं होतं. तिला सगळं तांबड्या धुक्यातून दिसत होतं. ते हळूहळू खाली बसलं, निवळलं. आणि मग, अध्यक्ष महोदया, जवळजवळ वर्षभर तिला दिसलं. साधा, पातळ चष्मा लावून दिसलं. कडेचं दिसलं.

पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीच्या दारातच उभा राहिलो होतो, मुद्दाम आत गेलो नाही. त्या लांब टेबलाशी ती बसली. शिवणाच्या बाई कसली तरी गोष्ट सांगत होत्या, बहुतेक आपल्या आधीच्या कार्यवाहांची नक्कल. आणि ही सगळ्यांच्या बरोबर हसली. मागाहून नाही. बरोबर. तुम्हाला ही फार लहान गोष्ट वाटेल. मला तेव्हा परत फिरून नळावर जाऊन तोंड धुवावं लागलं होतं.

त्या वर्षात तिनं मुलांकडून या सभागृहाची मागची भिंत रंगवून घेतली. ती कडेकडेनं धावणारी जनावरं तुम्ही रोज बघता. मधली जागा मोकळी का सोडली असं मी विचारलं होतं. म्हणाली, "मधलं सगळेच बघतात."

मग एक दिवस वर्गात रंग कालवताना तिला दिव्याभोवती धुराचं कडं दिसायला लागलं. डोळा ठणकायला लागला, डोकं धरून खाली बसली, ओकारी झाली. मुलांना वाटलं, पोट बिघडलं. दवाखान्यात नेलं तर डोळ्यातला दाब भलताच चढलेला. भिंगाचा एका बाजूचा टाका सैल झाला होता. भिंग कललं होतं आणि आत घासत होतं. घासलं की थोडं रक्त यायचं, रक्त आलं की दाब वाढायचा. थेंब झाले, गोळ्या झाल्या, पुन्हा टाका घालून झाला. काही दिवस बरे जायचे. मग पुन्हा ते कडं. पुढे पुढे तर ती मला कडं आलं हे सांगेनाशी झाली. मलाच कळायचं, कारण ती दिव्याकडे पाठ करून बसायची.

आणि मग पडदा सुटला. ती म्हणाली, "खालून काळं पाणी चढतंय."

पुन्हा शस्त्रक्रिया. या वेळी पडदा जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, पालथं झोपायचं. तोंड खाली. जेवण सोडलं तर दिवसभर तसंच, असे कितीतरी दिवस. खाटेच्या टोकाला दोन उशा लावून मध्ये फट ठेवली होती, त्या फटीत, खाटेच्या कडेबाहेर, तिचा चेहरा. येणारे-जाणारे तिच्या पाठीला भेटायचे. शाळेतून मंडळी आली, तुमच्यापैकी काही जण होतेच. तुम्ही खाटेशी उभे राहिलात, मला विचारपूस केलीत, तिच्या पाठीवरून हात फिरवलात. दुसरं करणार तरी काय? तिला त्या फटीतून फक्त फरशी दिसायची.

तेव्हा मी काय केलं, तर खाटेखाली जाऊन उताणा झोपलो. टेबलावरचा दिवा उतरवून बाजूला ठेवला आणि तिच्या तोंडाखाली हात वर करून बोलायला लागलो. बुडबुड्यातून लांबचं काही दिसत नाही, पण अगदी नाकासमोरचं थोडं कळतं, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "तुझे हात पाण्यात बुडालेत." मी म्हटलं, "वाचता येतायत का?" ती म्हणाली, "येतायत. पण तू बुडून बोलल्यासारखा बोलतोस. सावकाश बोल."

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या तर खाटेखालून माझे पाय बाहेर. त्या घाबरल्या. "काका, पडलात का? लागलं का कुठे?"

मी आतूनच म्हटलं, "नाही हो, बायकोशी गप्पा मारतोय."

त्या म्हणाल्या, "मग फरशी पुसायला नंतर सांगते."

माझी पाठ त्या फरशीनं कायमची धरली ती धरलीच. पण खरं सांगू? त्या दिवसांत आम्ही जितकं बोललो तितकं लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोललो नसू. तिनं तिच्या लहानपणच्या वसतिगृहाच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. सुट्टीत सगळ्या मुलींना घरी न्यायला कुणी ना कुणी यायचं. हिला न्यायला हिचे वडील नेहमी सगळ्यात शेवटी यायचे. रिकाम्या दालनात ही एकटी बसलेली, आणि पहारेकऱ्याची बाई अंधार पडेपर्यंत हिच्यासाठी एक दिवा लावून ठेवायची, कारण अंधारात हिच्याशी कुणाला बोलता येणार नाही हे त्या बाईला कळायचं. "त्या बाईचं मला नाव माहीत नाही," ती म्हणाली. मी खाली फरशीवर आणि ती वर खाटेवर. तिच्या डोळ्यातलं पाणी सरळ माझ्या कपाळावर पडलं. ते रडण्याचं होतं की औषधाचं, मी विचारलं नाही.

दुभाषी बाई, तुम्ही थांबलात. घ्या, पाणी घ्या. मीही घेतो.

पडदा चिकटला. डॉक्टर बाईंनी त्यांचं काम चोख केलं. पण बुडबुडा विरून गेला तरी पुढचं धुकं निवळेना. तपासण्या झाल्या. मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं की दाब पुन्हा पुन्हा चढत राहिल्यानं डोळ्यामागची नस वाळली आहे, आणि नसेला टाका घालता येत नाही. उजेड कळेल. खिडकी कुठे आहे ते कळेल. समोर कुणी उभं आहे, एवढं कळेल. हात वाचता येणार नाहीत.

आता हे तिला सांगणार कोण? मीच. तिचा हात माझ्या हातावर होता, ती वाट बघत होती. जन्मभर मी इथे मुलांना, नव्या शिक्षकांना एक शिकवत आलो, की दुभाष्यानं पदरचं घालायचं नाही आणि समोरच्याचं गाळायचं नाही. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की हा नियम करणाऱ्याला बायको नसावी. मी तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या तळहातांत, तिची बोटं माझ्या बोटांवर ठेवून, एकेक शब्द केला. शेवटचं वाक्यही केलं. तिनं दोनदा विचारलं, "हात नाहीत?" मी दोनदा सांगितलं, "हात नाहीत."

तिनं हात काढून घेतले आणि पोटाशी धरले.

ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना ही गोष्ट समजावून सांगायला हवी. डोळेही गेलेल्या कर्णबधिर माणसानं हात असे पोटाशी घेणं म्हणजे तुम्ही-आम्ही तोंडात बोळा घालून, वर कान झाकून घेण्यासारखं आहे. तिच्यापर्यंत जायला दुसरा रस्ताच नाही. घरी आलो. ती जेवायची, अंघोळ करायची, भिंतीला धरून फिरायला शिकली, सगळं केलं. बोलली नाही. मी हात पुढे केला की हात मागे. कित्येक आठवडे.

आमच्या घरात कधी आवाजाची गरज पडली नव्हती. मुलगी लहान असताना तिच्याशी बोलायचो तेवढंच. त्या दिवसांत मी एकटाच मोठ्यानं बोलायला लागलो. "कांदे संपले." "आज गार आहे." असलं काहीतरी. घर ओळखीचं, आवाज ओळखीचा, तरी ऐकून अंगावर काटा यायचा. मग रेडिओ लावला. तोही बंद केला, कारण मला वाटायला लागलं की मी तिच्या घरात तिच्या पाठीमागे दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय.

एका सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. माझं लक्ष नव्हतं. अचानक मागून माझं मनगट धरलं गेलं. ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली होती. तिला वास आला होता. तिनं माझी दोन्ही मनगटं पकडली आणि माझ्याच हातांत जोरजोरात खुणा करून सांगितलं, "दूध. उतू गेलं. कुठे बघतोस?" मी म्हटलं, "पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "पुन्हा." तोवर भांडं करपलं. ते भांडं मी अजून टाकलेलं नाही, पण वापरण्यासारखंही उरलेलं नाही.

तेव्हापासून आम्ही हातात हात घेऊन बोलतो. मी खूण करतो, ती माझ्या हातांवर हात ठेवून ती वाचते. यात पुन्हा तीच माझी शिक्षिका आहे आणि पुन्हा मीच ढ आहे. याला वेळ फार लागतो, खांदे भरून येतात. आणि एका वेळी एकाच माणसाशी बोलता येतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, मला त्याच्याकडेच यायचं आहे.

कारण त्यानंतर ती एकदा शाळेत आली होती. तुम्ही किती आनंदानं तिच्याभोवती जमलात. पन्नास हात हवेत हलत होते, माझ्यासाठी सगळं सभागृह बोलत होतं. तिच्यासाठी ती नुसती सावल्यांची हालचाल होती. एका छोट्या मुलीनं तिचा हात ओढून काहीतरी सांगितलं, पण घाईत सांगितलं आणि पळून गेली. मग ती त्या लांब टेबलाशी जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंनी बोलणं चालू होतं. कुणाची चूक नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी तिचा हात धरेल.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मी आजपर्यंत कधी इतक्या माणसांत एकटी नव्हते." दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला.

आज दुपारी मी तिला म्हटलं, "चल. माझा शेवटचा दिवस आहे." तिनं माझी कॉलर सरळ केली आणि माझे हात धरून सांगितलं, "तू जा. तुझे हात आज तिथे सगळ्यांना लागतील. मला अर्धाच मिळशील. अर्धा नको, परत आल्यावर सगळं सांग." म्हणून ती आलेली नाही. कृपा करून कुणी असं समजू नका की तिला शाळा नकोशी झाली आहे.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी इतका वेळ घेतला.

गेल्या आठवड्यात औषधांच्या दुकानात मला आपल्या निवृत्त शिवणाच्या बाई भेटल्या. त्या बघा, तिसऱ्या रांगेत बसल्यात. बाई, रागावू नका, मी सांगणारच आहे. त्यांनी मला पाहून तोंड फिरवलं. मी समोर जाऊन उभा राहिलो तर दुकानदारासमोर भल्या मोठ्या खुणा करून म्हणाल्या, "तुझी बायको दार उघडत नाही."

मला कळेना. मी विचारलं, "कधी?"

"दुपारी. पहिल्यापासून दुपारीच येते ना मी? मी आले, लोहारकामाच्या सरांची बायको आली, आम्ही दोघी मिळून आलो. घंटेचं बटण दाबदाब दाबलं. ती आत असते, खिडकीतून दिसते. खुर्चीत बसलेली असते, उठत नाही. आमचं काय चुकलं ते तरी सांग. मग आम्हीही येणं सोडलं."

पाहुण्यांसाठी पुन्हा सांगतो. आमच्यासारख्या घरात घंटा वाजत नाही. बटण दाबलं की आत भिंतीवरचा दिवा लागतो आणि विझतो. तो दिवा लग्नाच्या वर्षी मीच बसवला. दुपारी खोलीत ऊन असतं. त्या उजेडात तो दिवा तिला वेगळा कळतच नाही. मी शाळेत असायचो, संध्याकाळी माझ्या किल्लीनं दार उघडून आत जायचो. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे बाहेर मैत्रिणी बटण दाबत उभ्या होत्या, दिवा लागत होता, विझत होता, आणि ही दारापासून दोन हातांवर खुर्चीत बसून वाट बघत होती. आपल्याला सगळ्यांनी टाकलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. बाहेरच्यांनीही तेच धरलं होतं.

घरी जाऊन मी तिला हे सांगितलं. तिनं हात माझ्या हातांवरून उचलले. मला वाटलं, हात पुन्हा पोटाशी जातात की काय. मग तिनं विचारलं, "अजून कोण कोण आलं होतं?"

मला माहीत नव्हतं. मी शिवणाच्या बाईंचं आणि लोहारकामाच्या सरांच्या बायकोचं नाव पुन्हा सांगितलं. ती अजून तो प्रश्न विचारते. काल विचारला, आज सकाळी विचारला. म्हणून हात जोडून विनंती करतो. तुमच्यापैकी जे कुणी येऊन, बटण दाबून, परत गेले असतील, त्यांनी चहाच्या वेळी मला येऊन आपलं नाव सांगा. कशाला आला होतात हेही सांगा. मला आज घरी गेल्यावर ते तिच्या हातात एकेक करून ठेवायचं आहे. नावं थोडी असली तरी चालतील. नसलीच तर तसंही सांगेन, मला गाळायची सवय नाही.

विजेचं काम करणारा म्हणालाय की घंटेला दिव्याऐवजी पंखा जोडून देतो. बटण दाबलं की तिच्या खुर्चीवर वारा येईल. तो कधी जोडेल ते त्यालाच ठाऊक. तुम्ही त्याच्यासाठी थांबू नका. फक्त घोळक्यानं येऊ नका. एकेकानं या. आलात की तिच्या हाताच्या पाठीवर दोन बोटं ठेवा, बसा, आणि सावकाश बोला. घाई असेल त्या दिवशी येऊ नका.

मुख्याध्यापिका बाई, कार्यवाह, शिक्षणाधिकारी साहेब, आपण सर्वांनी हा समारंभ योजला, माझं हे लांबलेलं, निरोपाच्या भाषणाला न शोभणारं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. दुभाषी बाई, तुमच्या खांद्यांना आज माझ्यामुळे त्रास झाला. मुलांनो, तुम्ही शेवटपर्यंत कुजबुजला नाहीत, हे माझ्या लक्षात आलं आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि पोटात घालणं जमणार नसेल तर माझ्याशी भांडायला घरी या. दुपारी या, केव्हाही या. उद्यापासून दार उघडायला मी घरी आहे.